सहा नंबरचं इंजेक्शन

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला सगळा मजला पाठीमागे ‘मीबघते’ म्हणायचा. सलाईन संपत आलं, मी बघते. औषधांचं कपाट लावायचंय, मी बघते. एखादा नातेवाईक डोक्यावर बसला, तरी तीच. हाताखाली चांगल्या शिकलेल्या नर्सेस होत्या, पण कुणी चादर बदलायला घेतली की हिचे हात शिवशिवायचे आणि चादरीचं दुसरं टोक हिच्या मुठीत यायचं. कामं वाटून देणारा तक्ता रोज सकाळी तीच भिंतीवर लावायची आणि दुपारपर्यंत तीच तो मोडीत काढायची.

ही खोड कुठून लागली असं कुणी विचारलं असतं, तर तिने घराकडे बोट दाखवलं असतं. घरी सासूबाईंचं राज्य होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सुनेने झारा हातात घेतला की "दे इकडे, तुला नाही जमायचं" हे ठरलेलं. सासूबाईंनी सुनेवर सोपवलेलं काम एकच, रोज सकाळी नाश्त्याआधीचं इन्शुलिन. तेवढ्यापुरत्या त्या मुकाट्याने पोट उघडं करून बसायच्या. आणि खोटं कशाला सांगा, सून त्या क्षणाची वाट बघायची.

न्हाणीघरात पाय घसरून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या नेमक्या सुनेच्याच वॉर्डात आल्या. बेड नंबर सहा. आपल्या माणसाची शुश्रूषा आपण करायची नाही, हा नियम या वॉर्डात मीबघतेनेच घालून दिला होता. तेव्हा सहा नंबर तिने नवीला दिला. नवी म्हणजे नुकतीच रुजू झालेली नर्स. कामात चोख, पण भारी संथ. साधी गोळी द्यायची तरी आधी "आजी, काही खाल्लंत का?" विचारणार आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे उभी राहणार. तेवढ्यात मीबघतेचा जीव वरखाली व्हायचा.

ऑपरेशनला अजून दोन दिवस होते. निदान सुनेला तेवढंच माहीत होतं. सकाळी ती ड्यूटीच्या आधीच आली, सहा नंबरचा पडदा ओढला आणि पर्समधून घरचं इन्शुलिनचं पेन काढलं.

"आलीस?" म्हणत सासूबाईंनी पांघरूण बाजूला केलं.

रोजच्यासारखंच इंजेक्शन झालं. नियम मोडला असं तिच्या मनातही आलं नाही. घरचं काम घरच्या माणसाने केलं, एवढंच.

मग पाळी बदलताना रिपोर्ट सुरू झाला. रात्रपाळीची नर्स नवीला सांगू लागली, "बेड सहा. डॉक्टरांनी ऑपरेशन आजच घ्यायचं ठरवलंय. आजी रात्रीपासून उपाशी आहेत. सकाळचं इन्शुलिन द्यायचं नाही."

मीबघतेने तर ते मघाशीच देऊन टाकलं होतं. तोंड उघडायचं ते तेव्हाच. पण समोर सगळ्या नर्सेस उभ्या होत्या आणि नियम तिचाच होता. रिपोर्ट संपला की जाते, साखर तपासते, ग्लुकोज लावते, कुणाला कळायचंही नाही. मी बघते, ती मनात म्हणाली. तेवढ्यात मेट्रनचा फोन आला. कुणाला रजा, कुणाची बदली, मेट्रनचं आवरेना. ही नुसती "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली आणि फोन ठेवल्याठेवल्या धावली.

सासूबाई घामाने निथळत होत्या. सुनेकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गं तू?"

नवीने तोवर बोटातलं रक्त घेऊन साखर किती खाली गेलीय ते पाहिलं होतं, डॉक्टरांना बोलावलं होतं आणि ती शिरेतून ग्लुकोज द्यायला लागली होती. डॉक्टर आले ते तापलेलेच.

"इन्शुलिन बंद सांगितलं होतं ना? कोणी दिलं?"

ते बघत होते नवीकडे. बेड तिचा होता.

"मी नाही दिलं, सर," नवी म्हणाली. डॉक्टरांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

गप्प राहणं फार सोपं होतं. मीबघतेला स्वतःची लाज वाटली, कारण क्षणभर ती गप्प राहिलीही.

"मी दिलं," मग ती म्हणाली. "रिपोर्टच्या आधी. हिला न विचारता."

"वर कळवावं लागेल, सिस्टर."

"मीच कळवते."

ऑपरेशन पुढे गेलं. मोडलेल्या हाडाचं दुखणं आणखी एक दिवस लांबलं. मीबघतेचा हात सवयीने ग्लुकोजच्या बाटलीकडे गेला, तेव्हा नवी हळूच म्हणाली, "मॅडम, मी बघते." तिने हात मागे घेतला.

सासूबाई भानावर आल्यावर तिने काहीही न लपवता सांगितलं, "आई, चूक माझी. आज माझ्या हातून तुमचा जीव गेला असता."

सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "एवढं एकच काम तुझ्यावर टाकलं होतं."

वरून आलेली ताकीद तिने निमूट वाचून सही केली. सासूबाईंच्या त्या वाक्याने मात्र तिला घरी गेल्यावर रडवलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे सासूबाई खायला लागल्या आणि सकाळचं इन्शुलिन पुन्हा सुरू झालं. नवी ट्रे घेऊन आली, नाश्त्याची ताटली समोर आल्याची खात्री केली, "आजी, आता खाणार ना?" विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. मीबघते बेडच्या पायथ्याशी उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून.

इंजेक्शन झाल्यावर तिने विचारलं, "आई, घरी गेल्यावर यासाठी कुणी नर्स लावू का?"

"कशाला? तूच दे," सासूबाई म्हणाल्या आणि नवीकडे बोट केलं. "पण हिच्यासारखं. आधी मला विचारून."