ताईला अभ्यासाची आवड नव्हती

जुईलीचा साखरपुडा घरीच झाला. वडील, उत्तमराव, जाऊन दीड वर्ष झालं होतं; हॉल नको, बँड नको, असं आई सुभद्राबाईंनीच ठरवलं. घर म्हणजे अमरावतीच्या कॅम्प भागातला बंगला. पुढच्या हिरवळीवर मांडव घातला तरी जागा उरली.

शकुन आदल्या दिवशीच अंजनगाव सुर्जीहून आली होती. ती जुईलीची सख्खी मोठी बहीण, पण दोघींत सोळा वर्षांचं अंतर. त्या सोळा वर्षांत घर एवढं बदललं होतं की या दोघींचे आईवडील एकच, हे नव्या माणसाला सांगावं लागे. शकुन वाढली ती अकोल्याच्या जुन्या शहरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. उत्तमराव तेव्हा कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांची खरेदीखतं लिहून द्यायचे. कोणती जमीन कोण घेतं, रस्ता कुठून जाणार, हे त्यांना त्या टेबलामागं बसूनच कळत गेलं. शकुनचं लग्न झालं त्याच सुमाराला त्यांनी भागीदारीत अमरावतीला पहिला लेआउट पाडला, आणि दिवस पालटले. जुईली इंग्रजी शाळेत गेली, पोहायला शिकली, आर्किटेक्ट होऊन पुण्याला नोकरीला लागली. शकुन अंजनगावला नवऱ्याच्या, किशोररावांच्या, कृषी केंद्रात दुपारची गल्ल्यावर बसायची.

जेवणं झाल्यावर बायका आतल्या खोलीत बसल्या. नवऱ्या मुलाची, शुभंकरची, आई अनुपमाताई वकिलांच्या घरातल्या, स्वतः कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. बोलायला मोकळ्या.

"तुमचं शिक्षण कुठलं, शकुनताई? अकोल्याचंच का?"

शकुन तोंड उघडायच्या आत जुईलीनं मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "ताईला ना, अभ्यासाचा भयंकर कंटाळा. दहावी झाली आणि हिनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. स्वयंपाक, घर, लहान बाळं, हीच हिची आवड. आमच्याकडं बुद्धी सगळी माझ्या वाट्याला आली, आणि चव हिच्या हाताला!"

सगळ्या हसल्या. शकुनही हसली. जुईलीच्या बोलण्यात टोचणी नव्हती. लहानपणी आपल्याला कुत्रं चावलं होतं, हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं होतं. शकुननं आईकडं पाहिलं. सुभद्राबाई पानाचं तबक घेऊन दुसऱ्या टोकाला वळल्या.

दहावीला शकुन शाळेत पहिली आली होती. अकरावीला तिनं सायन्सला नाव घातलं. कॉलेजातली प्रयोगशाळा तिला सगळ्यात आवडायची. नळीतून एकेक थेंब सोडत राहायचं, आणि एका थेंबासरशी खालचं बिनरंगाचं पाणी गुलाबी व्हायचं. तो थेंब नेमका धरता यायला हात स्थिर लागतो, आणि तुझा आहे, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर जुईली झाली. सुभद्राबाईंचं वय झालेलं, बाळंतपण अवघड गेलं, रक्त फार गेलं. त्या अंथरुणाला खिळल्या. बाई ठेवायची ऐपत नव्हती आणि मदतीला येईल असं माहेरचं-सासरचं कुणी नव्हतं. उत्तमराव म्हणाले, "एकच वर्ष, बेटा. पुढच्या जूनमधी पुन्हा नाव टाकू." जून आला तेव्हा जुईली रांगत होती आणि सुभद्राबाईंना दोन बादल्या पाणी भरलं की धाप लागत होती. त्याच्या पुढच्या जूनला नाव घालायची कुणाला आठवणच झाली नाही. मग अंजनगावचं स्थळ आलं.

पाहुणे गेले. संध्याकाळी स्वयंपाकघरात सुभद्राबाई उरलेली बुंदी डब्यात भरत होत्या. शकुननं डब्याचं झाकण हातात घेतलं आणि विचारलं, "आई, मले अभ्यासाचा कंटाळा होता?"

"कोन म्हने?"

"जुई म्हने. तू ऐकलं ना."

सुभद्राबाई बुंदी भरत राहिल्या. "लहान होती तवा इचारत राहे. ताई कॉलेजात काहून नाई गेली, ताई काहून नाई गेली. काय सांगू मंग? तुह्यापायी गेली नाई, असं सांगू चार वर्षाच्या लेकराले?"

"आता तर अठ्ठावीसची झाली."

"एकडाव सांगतलं की ते तसंच राह्यते, बाप्पा."

"एक वर्ष म्हटलं होतं बाबांनं."

"हाव. एकच वर्ष म्हटलं व्हतं." सुभद्राबाईंनी पदरानं हात पुसले. "मंग तू काही बोलली नाई. अन् आमी काही इचारलं नाई. तुहा बाप शेवटी शेवटी म्हने, शकुनचं राहून गेलं. मी म्हटलं, तिले सांगा. तर म्हने, आता कोन्या तोंडानं सांगू?"

शकुनला वाटलं, कोणत्याही तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं. झाकण लावून डबा तिनं फळीवर ठेवला. जुईलीला यातलं काही सांगायचं नाही, असंही तिनं तिथंच ठरवलं. पोरीचे आनंदाचे दिवस आहेत, कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी.नं निघणार होती, पण जुईलीनं ऐकलं नाही. "मी सोडते तुला. मला पण तेवढीच ड्राइव्ह." परतवाड्यापर्यंत जुईली एकटीच बोलत होती. लग्नात काय नेसायचं, पुण्यात फ्लॅट कुठं घ्यायचा, अनुपमाताई किती छान आहेत. परतवाड्याला चहासाठी थांबल्या. कॅन्टीनच्या बाहेर बाकावर बसल्या तेव्हा जुईलीनं आरतीची चौकशी केली. आरती ही शकुनची मुलगी, बारावीला होती.

"फिजिक्समधी मागं पडून राहिली," शकुन म्हणाली. "दुकानात बसते म्हणते. गिऱ्हाइकायशी बोलाले आवडते तिले."

जुईली हसली. "तुझ्यावरच गेली म्हणजे. तुमच्याकडं अभ्यासाचा कंटाळा रक्तातच आहे."

शकुननं हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"मले कंटाळा नव्हता, जुई."

"अगं, मी गमतीनं..."

"गमतीनं नको म्हणू. मी शाळेत पहिली आली होती. तू झाली, आईनं हातरूण धरलं, म्हणून कॉलेज सोडलं. तुले दूध पाजाले कोनी नव्हतं. एका वर्षासाठी सोडलं होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. तरीही जुईलीच्या चेहऱ्यावरचं हसू एकेका कोपऱ्यातून उतरत गेलं.

"मला हे कुणीच कधी सांगितलं नाही."

"हाव."

"तू पण नाहीस सांगितलं."

"सांगून काय झालं असतं?"

जुईलीनं समोर पाहिलं. मेळघाटात जाणाऱ्या जीपा भरत होत्या, पोरं टपावर पोती चढवत होती. मग ती एकदम म्हणाली, "पण मी कुठं म्हटलं होतं तुला, मला सांभाळ म्हणून?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिनं तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. शकुननं तिला जवळ घेतलं. "नाई म्हटलं, बाई. तू कशी म्हणशीन? तू तर एवढीशी होती." असं म्हणत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि याच पाठीला तेल लावून आपण हिला उन्हात पालथं निजवत होतो, हे आठवून तिला, आपण बोललो ते बरं झालं की वाईट, काही कळेना.

अंजनगावला जुईली उंबऱ्याच्या आत आली, पाणी प्यायली, किशोररावांना नमस्कार केला आणि पाच मिनिटांत निघाली. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाली, "नको ताई, तुला उगाच त्रास."

‘त्रास’ हा शब्द तिनं शकुनशी बोलताना आधी कधी वापरला नव्हता.

लग्न डिसेंबरात चांगलं झालं. शकुनला मानाची पैठणी आली, ती तिच्यासाठी आजवर घेतलेल्या कुठल्याही साडीपेक्षा भारी होती. मांडवात जुईली प्रत्येकाला सांगत होती, "ही माझी ताई. माझ्यासाठी हिनं शिक्षण सोडलं." अनुपमाताईंनी शकुनचे दोन्ही हात हातात घेतले. बायका डोळे पुसायच्या. शकुनला त्या आठ दिवसांत कुठं उभं राहावं ते समजत नव्हतं. आधीची गोष्ट खोटी होती, पण त्या गोष्टीत ती सुगरण होती, हसतमुख होती. या खऱ्या गोष्टीत लोक तिच्याकडं पाहून हळहळायचे.

जुईलीनं आरतीला अकोल्याच्या मोठ्या क्लासला घालायचं काढलं. राहायची सोय, फी, सगळं मी बघते, असा तिनं फोनवर हट्टच धरला. शकुननं आरतीला बसवून विचारलं.

"खरंच आवडत नाई तुले, का घरचं पाहून म्हणून राहिली?"

"आई, खरंच नाई आवडत. मले दुकान आवडते. कितीदा सांगू?"

पोरगी खरं सांगते, असं किशोरराव म्हणाले. शकुनचा मात्र विश्वास बसेना. आवड नाही, हे शब्द ऐकले की तिला आता दुसरंच काही ऐकू यायचं. दर दोन दिवसांनी ती आरतीला पुन्हा विचारायची. शेवटी पोरगी चिडून आत्याकडं जाऊन बसली.

पूर्वी जुईलीचा फोन आला की शकुनला हातातलं काम टाकावं लागे. बूट घेतले तर त्याचा रंग, हॉटेलात गेली तर काय काय मागवलं, साहेब काय म्हणाला, सगळं सांगायची. कधी कधी शकुनला हेवा वाटायचा, कधी राग यायचा. हिला पैशाची किंमत नाही असं ती किशोररावांना म्हणायचीही. पण तासभर ऐकत राहायची. आता फोन येई, वेळेवर येई. जुईली दुकानाची चौकशी करी, गुडघ्याची करी, काही हवं का विचारी.

मार्चात आईच्या फोनवरून शकुनला कळलं की जुईली आणि शुभंकर दहा दिवस व्हिएतनामला जाऊन आले. तिनं त्याच दुपारी फोन लावला.

"जाऊन आली म्हणे?"

"हो, अगं... लहानशीच ट्रिप होती. ऑफर होती म्हणून."

"मंग सांग ना. काय पाह्यलं? खाल्लं काय?"

"विशेष काही नाही, ताई." पलीकडं जुईलीनं आवाज उतरवला होता, आजारी माणसाशी बोलताना उतरवतात तसा. "तू कशी आहेस? दुकान कसं चाललंय?"

शकुननं आणखी एकदा विचारून पाहिलं. समुद्र होता का तिथं, नावेत बसली का? होता, बसलो, असं जुईली म्हणाली आणि थांबली.

मग शकुननं दुकानाचं सांगितलं.