दर वेळी मीच अडकलेला नसतो

मित्रांनो, या घरात मला जुना म्हणतात. माझं वय चार वर्षं आहे. मी ज्या शोकेसवर बसतो तिच्यातला चहाचा सेट एकोणतीस वर्षांचा आहे आणि तो अजून 'नवीन आहे, पाहुण्यांसाठी ठेवलाय' असाच ओळखला जातो. मी मात्र जुना. मी राऊटर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी तिथे माझी नऊ हजार भावंडं जन्मली, त्यामुळे कोणाचेच फारसे लाड झाले नाहीत. तपासणीच्या बाईंनी माझे चारही दिवे लागतात का ते पाहिलं, पाठीवर एक लांबलचक आकडा चिकटवला आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबलं. आता मागे वळून पाहताना वाटतं की तेवढे चार आठवडे मी सुखात होतो. त्या खोक्यात मला कोणी 'चालतोय का रे हा?' असं विचारलं नाही.

मग नेटवाला आला आणि त्याने मला या घरात बसवलं. पहिल्या आठवड्यात माझं फार कौतुक झालं. 'काय पळतं हो!' असं आत्या म्हणाली. आत्या म्हणजे या घरच्या मुलीच्या, ताईच्या, बाबांची बहीण. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी गरम आहे असं तिच्या लक्षात आलं, आणि याला ताप असावा असं ठरवून तिने मला विणलेला रुमाल पांघरला. तो तिने अजून काढलेला नाही. गरम होणाऱ्याला पांघरूण घालायचं आणि मग तो धापा का टाकतो म्हणून चर्चा करायची, ही या घराची पद्धत आहे.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचा त्रागा समजेल. बाहेरून एका वायरीतून जेवढं येतं तेवढंच मी घरात वाटतो. मी स्वतः काही पिकवत नाही. घरात माणसं चार आणि वाट एक. सगळे एकदम घुसले की सगळेच दारात अडकतात, आणि मग चौघेही दाराला शिव्या देतात.

सगळ्यात वर, गच्चीलगतच्या खोलीत काका राहतात. त्यांनी पाण्याच्या टाकीसमोर एक कॅमेरा लावलाय. त्याचं चित्र दिवसभर त्यांच्या फोनवर चालू असतं. टाकी आणि काका यांच्यात अंतर अकरा पावलांचं. तरी ती टाकी गच्चीवरून खाली माझ्याकडे येते, माझ्याकडून जगाची सफर करून परत माझ्याकडे येते आणि मग वर काकांकडे जाते. गेल्या दोन वर्षांत टाकीने काहीही केलेलं नाही. ती तिथेच असते.

स्वयंपाकघरात आत्या. तिची एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. दोघी सकाळी व्हिडिओ कॉल लावतात आणि दुपारी जेवणं आटोपली की बंद करतात. बोलत नाहीत. 'बाजूला कोणी आहे असं वाटतं,' असं आत्या म्हणते. हे मला पटतं, मी काही दगड नाही. पण मैत्रीण फोन ओट्यावर पालथा पडू नये म्हणून उताणा ठेवते. म्हणजे मी चार वर्षं रोज सहा तास एका अनोळखी घरातला पंखा घरपोच आणतोय. त्याची तीन पाती मला पाठ आहेत.

आणि बाबा. बाबा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बांधांवर उभं राहून कोण कोणाच्या हद्दीत घुसलाय ते सांगितलं. आता घरात जमीन नाही, म्हणून ते माझा वेग मोजतात. त्यासाठी फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. ते दाबलं की ते माझ्या वाटेवर एकदम होईल तेवढा माल ओततं आणि किती गेला ते सांगतं. पोतं फाटलंय का हे बघायला सगळं धान्य अंगणात ओतून बघावं, तसा हा प्रकार. बाबा दिवसातून तीसेक वेळा ओततात. मग खेदाने मान हलवून म्हणतात, 'कोणीतरी खातंय.'

राहिली ताई. या घरात माझ्याकडे खरं काम फक्त तिचंच. ज्यांना बोलताना अडखळायला होतं त्यांना ती बोलायला शिकवते, तेही व्हिडिओवरून. तिच्या कामात एक नियम आहे: समोरचा एखाद्या शब्दावर अडला तर आपण तो शब्द पुरा करायचा नाही, घाई करायची नाही, तोंडाकडे काळजीने बघायचं नाही. नुसतं थांबायचं.

थांबायचं. माझ्या भरवशावर चालणाऱ्या धंद्यात हा नियम. तुम्हीच विचार करा.

तिच्याकडे एक घड्याळजी येत असत. वय अडुसष्ट. बाजारात छोटं दुकान, गिऱ्हाईकाशी बोलणं टळावं म्हणून काउंटरवर पाटी: 'घड्याळ दाखवा, किंमत लिहून देतो.' ताई त्यांना आजोबा म्हणायची. त्यांच्या नातीने शाळेत सांगून टाकलं होतं की माझे आजोबा येऊन घड्याळाबद्दल बोलतील. न विचारता. सोमवारचा दिवस ठरला होता. नातीला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा बोलायला शिकायला निघाले.

पहिला घोटाळा असा झाला. एका दुपारी आजोबा 'च' वर आले आणि थांबले. ताई नियमाप्रमाणे थांबली. चेहरा शांत, ओठांवर जरासं हसू. एक मिनिट झालं, दोन झाली, चार झाली. आत्या डोकावून म्हणाली, 'अगं, फोटोशी काय बोलतेस?' चित्र गोठलं होतं. बाबांनी त्याच वेळी सलग पाच मोजण्या काढल्या होत्या. आणि पलीकडे, मित्रांनो, आजोबांनी त्या चार मिनिटांत चावीच्या घड्याळाची अख्खी माहिती एकदाही न अडखळता सांगितली होती. गोठलेल्या ताईला. त्यातलं एक अक्षर मी पोचवू शकलो नाही.

दुसरा घोटाळा त्याहून वाईट. पुढच्या खेपेला आजोबा 'दुकान' म्हणताना अडले. ताई आता शहाणी झाली होती. ती भरभर म्हणाली, 'आजोबा, नेट अडकलं हं तुमचं. बंद करून परत लावता का?'

मी त्या दिवशी धडधाकट होतो. चारही दिवे हिरवे. मी लुकलुकून सांगायचा प्रयत्न केला. चार दिव्यांच्या भाषेत 'बाई, हा मी नाही' हे वाक्य नाही.

आजोबांनी बंद केलं. परत लावलं नाही. तासाभराने लेखी निरोप आला: 'नेट नव्हतं. मी होतो. शुक्रवारी चार वाजता एकदा बघू. नाही जमलं तर शाळेला ताप आला म्हणून कळवतो.'

ताईने तो निरोप दोनदा वाचला. मग तिने घरच्यांना शोकेससमोर उभं केलं. म्हणजे माझ्यासमोर, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

'शुक्रवारी चार ते पाच कोणी नेटला हात लावायचा नाही,' ताई म्हणाली.

'मी तर काहीच वापरत नाही,' काका म्हणाले. 'नुसती टाकी बघतो.'

'माझा तर फोन नुसता ठेवलेला असतो,' आत्या म्हणाली.

'म्हणजे कोणीच वापरत नाही,' ताई म्हणाली. 'मग माझे आजोबा कोणाच्या पायाखाली आले?'

मग बाबांनी घसा साफ केला आणि कागद मागवला. त्यांनी माझ्या वेगाचा नकाशा काढला. हद्दी, खुणा, सगळं. आत्याचा हिस्सा सकाळी, काकांचा संध्याकाळी, ताईचा दुपारी, आणि पायवाट म्हणून थोडी जागा सगळ्यांसाठी मोकळी. वाटप चांगलं होतं हो, मी कबूल करतो. कोणाला आधी द्यायचं हे ठरवायची सोय माझ्या पोटातही आहे, पण ती सांगणारी पुस्तिका जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली होती. बाबांनी ती काढली, टेबल डुगडुगलं, आत्या ओरडली, बाबांनी ती परत ठेवली.

'आणि दादा, अतिक्रमण झालं तर?' काकांनी विचारलं.

'त्याची काळजी नको,' बाबा म्हणाले. 'मी स्वतः उभा राहीन.'

हे ऐकून माझा एक दिवा आपोआप लाल झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवार आला. आत्याने मैत्रिणीच्या पंख्याचा निरोप घेतला. काका चक्क गच्चीवर जाऊन टाकी डोळ्यांनी बघत बसले. मी सगळी वाट मोकळी करून उभा. चार वाजता आजोबा दिसले. इस्त्रीचा सदरा, मागे भिंतीवर एक मोठं लंबकाचं घड्याळ.

'हे आज म-मुद्दाम लावलंय,' ते म्हणाले. 'लंबक थांबला तर न-नेट. लंबक हलत असला तर मी. तेव्हा तुम्ही ग-गप्प बसायचं.'

ताईने मान हलवली.

दोन मिनिटं छान गेली. मग लंबक एका बाजूला कलून तसाच राहिला. खोलीच्या दारातून बाबांचा आवाज आला, 'अडतीस! चिंता नको, ताई, पूर्ण हिस्सा तुझाच आहे.' लंबक हलला. आजोबा पुन्हा बोलू लागले. दोन मिनिटांनी लंबक पुन्हा कलला. 'छत्तीस!' बाबा म्हणाले. तिसऱ्या वेळेला मी मनातल्या मनात स्वतःची वायर उपसली.

लंबक हलला तेव्हा आजोबा घड्याळाची माहिती सोडून सरळ समोर बघत होते.

'म-मॅडम, तुम्ही दर दोन मिनिटांनी थांबता. सेकंदाचा फरक नाही. नेट बिघडलं तर ते कसंही बिघडतं, असं वे-वेळेवर नाही. आणि थांबून झालं की मागून एक माणूस आकडा सांगतो. कोण आहेत ते?'

'माझे बाबा,' ताई म्हणाली. 'माझं नेट कोणी घेत नाही ना, ते मोजतायत.'

मग स्वतःच्याच तोंडून काय निघालं ते तिला कळलं. ती हळूच मागे वळली. बाबांचा अंगठा बटणावर होता.

'मी सांगते त्यांना,' ती म्हणाली.

'नको. म-मी सांगतो. बोलवा त्यांना.'

बाबा पुढे आले. आत्याही आली, काय झालं ते बघायला. काकाही टाकी सोडून खाली आले होते.

'साहेब,' आजोबा म्हणाले, 'घड्याळ बरोबर चालतं का हे बघायला तुम्ही दर दोन मिनिटांनी झ...'

आणि थांबले.

चेहरा ताणलेला, तोंड अर्धवट उघडं. खोलीत सगळ्यांना वाटलं, गेलं नेट. काकांनी माझ्याकडे थप्पड मारायच्या बेताने पाहिलं. बाबांचा अंगठा सवयीने खाली निघाला. ताईने न बघता त्यांच्या फोनवर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. आजोबांकडे नाही, त्यांच्या मागे.

लंबक हलत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मी माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्या एका लंबकाला दिलं. एक झोका चुकला असता तर चौघेही एकदम बोलले असते. आत्याने तोंडावर पदर धरला. अकरा झोके झाले. बारावा झाला. बाबा, ज्यांनी आयुष्यात कुठली गोष्ट न मोजता सोडली नाही, ते ओठ न हलवता मोजत होते.

'...झाकण उघडलंत,' आजोबा म्हणाले, 'तर ते बिचारं चालेल कधी?'

बाबांनी फोन खिशात ठेवला.

'चूक माझी आहे,' ते म्हणाले. 'चाळीस वर्षं दुसऱ्यांची अतिक्रमणं काढली मी.'

'आता शाळेचं पहिल्यापासून म्हणू या का, आजोबा?' ताई म्हणाली.

'म्हणू या. पण स-साहेबांना बसू दे. मला ऐकायला माणसं लागतील, तिथे च-चाळीस मुलं आहेत.'

तिघेही खाली बसले. पुढची पंचेचाळीस मिनिटं या घरात माझ्यावर एकच काम होतं, आणि ते मी असं केलं की कोणाला माझी आठवणही झाली नाही. राऊटरच्या आयुष्यात याहून मोठं कौतुक नसतं.

सोमवारी मला काही कळायला मार्ग नव्हता. शाळा माझ्या वायरीवर नाही. ताई फोन उचलत होती, ठेवत होती. साडेबाराच्या सुमाराला एक निरोप आला, इवलासा. त्या वेळी आत्याचा पंखा चालू होता. मी पंखा दारात थांबवला आणि निरोप पुढे सोडला. असा वशिला मी त्याआधी कधी लावला नव्हता.

'लंबकाचं घड्याळ घेऊन गेलो. बोललो. अर्धा तास. आठ वेळा थांबलो. दर वेळी मुलं लंबकाकडे बघून मोठ्याने झोके मोजत होती. नात म्हणते, पुढच्या वर्षी पण या.'

ताईने तो निरोप मोठ्याने वाचला. बाबांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

मित्रांनो, एवढं ऐकलंत, आता माझी विनंती ऐका. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडे येणारी वाट एकच असते आणि ती तुम्हा सगळ्यांची असते. जे बघत नाही ते बंद करा. ज्याचं काम अडेल त्याला आधी जाऊ द्या. आपल्याला पुरेसं मिळतंय का हे सारखं मोजत बसू नका, त्या मोजण्यातच शेजारच्याचं जातं. आणि पडद्यावरचा माणूस बोलता बोलता थांबला, तर लगेच मला थप्पड मारू नका आणि त्याला 'परत लावा' असंही म्हणू नका. थोडं थांबा. कदाचित तो शब्द आणायला गेला असेल.