काट्यावरचे ऐंशी

सासरे गाडी चालवत असले की सासूबाई शेजारी डोळे मिटून बसत. लोकांना वाटे, किती शांत बाई आहे. प्रत्यक्षात त्या जीव मुठीत धरून बसलेल्या असत. मधूनच एक डोळा किलकिला करून स्पीडोमीटरचा काटा बघत आणि तो ऐंशीवर दिसला की घाईघाईने पुन्हा मिटून घेत.

गाडी म्हणजे सासऱ्यांचं जुनं पिकअप. इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना देणारं, सत्तावीस वर्षांचं, डावं दार तारेने आवळलेलं. लाकडाच्या वखारीतून फळ्या भरायच्या आणि बावीस किलोमीटरवरच्या फर्निचरच्या कारखान्यात टाकायच्या, हा त्यांचा धंदा. वय चौऱ्याहत्तर. गाडी रिकामी असो की भरलेली, ऐंशी म्हणजे ऐंशी. त्याखाली गाडीला झोप येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांचा जावई, धंद्याने मेकॅनिक. म्हणजे बाकी जगाच्या दृष्टीने मेकॅनिक. सासऱ्यांच्या लेखी मी कुठूनसा पाना हाती लागलेला माणूस. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या गॅरेजमध्ये फक्त टायरमध्ये हवा भरून घेतली होती, आणि मी भरलेली हवा दर वेळी खिशातल्या स्वतःच्या गेजने पुन्हा मोजली होती. माझ्यासमोर. चारही टायर.

मग पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल घरघरायला लागला. सासऱ्यांचा जुना मेकॅनिक धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला होता, त्यामुळे त्यांना माझ्या दारात येणं भाग होतं. त्यांच्या आधी दोन दिवस सासूबाई येऊन गेल्या.

"गाडी सोडा म्हटलं तर हे जेवण सोडतील," त्या म्हणाल्या. "गाडी राहू दे. वेग तेवढा काढून घ्या."

"वेग काय बोल्ट लावून बसवलेला असतो, आई?"

"मला काय माहीत? मेकॅनिक तुम्ही."

मी हसण्यावारी नेलं, पण त्या गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. भंगारात एका मोठ्या मालट्रकचा अ‍ॅक्सल मी बघून ठेवलेला होता. जाड, दणकट, बेअरिंग मोठी, ब्रेकचे ड्रम मोठे. पिकअपला तो बसवला तर आणखी वीस वर्षं बघायला नको. आणि त्याच्या आतले दाते ओझं ओढण्यासाठी केलेले. जुन्या अ‍ॅक्सलमध्ये चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट पावणेचार वेळा फिरायचा, ह्यात पाच वेळा. ताकद जास्त, वेग कमी.

खरी गंमत पुढेच होती. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. ती बिचारी शाफ्टचे फेरे मोजते. मागे कुठला अ‍ॅक्सल बसवलाय हे तिला कोण सांगणार? काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी साठने जात असेल. हे दुरुस्त करायला केबलच्या मुळाशी असलेलं प्लास्टिकचं एक चिमुकलं दातेरी चाक बदलावं लागतं. ते नवीन चाक मी आणलंही होतं. बसवलं मात्र नाही, खिशात ठेवलं.

काम तीन दिवस चाललं आणि तिन्ही दिवस सासरे समोर स्टूल टाकून बसले होते. मी जुना अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांपासून सोडवला, नव्यावर पाटे टेकायच्या बैठका तीन बोटं आत घेऊन वेल्डिंग केल्या, शाफ्ट कापून बेताचा केला. सासऱ्यांनी प्रत्येक वेल्डवर हातोडी मारून कान लावला. एवढ्या डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसाच्या नाकासमोर मी गाडीतले वीस किलोमीटर काढून घेतले, आणि मला त्याची लाज नाही, चक्क अभिमान वाटला.

पहिल्याच फेरीत भरलेली गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चढली. परत आल्यावर सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"इंजिन जरा ओरडतंय," ते म्हणाले.

"अ‍ॅक्सल दमदार आहे ना, बाबा."

"दमदार आहे खरा. गुण आहे तुमच्या हाताला."

त्यानंतर ते वखारीत, कारखान्यात, न्हाव्याच्या दुकानात, जिथे जातील तिथे माझं कौतुक करत सुटले. काट्याचं गुपित मी सासूबाईंच्या कानावर घातलं होतं, त्यामुळे त्या गाडीत डोळे उघडे ठेवून बसायला लागल्या. एवढ्या वर्षांत त्या रस्त्याला तळं आहे हे त्यांना तेव्हा कळलं. मी तर हवेतच होतो.

महिनाभराने सासरे जरा गप्प झाले. डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, उत्तम आहेत. तरी त्यांनी हट्टाने चष्मा करून घेतला. मग एका सकाळी गॅरेजमध्ये आले आणि माझ्या टेबलावर किल्ली ठेवली.

"विकून टाका."

"का? काही बिघडलं?"

"गाडीला काय झालंय? मी बिघडलोय." ते स्टुलावर बसले. "काटा ऐंशीवर असतो आणि मला साठ वाटतात. झाडं सावकाश जाताना दिसतात. शाळेची बस मला मागे टाकून गेली, पोरं हात हलवत होती. काट्याकडे न बघता वेग सांगणारा माणूस मी. आता अंदाजच गेला. अंदाज गेलेल्याने स्टिअरिंग धरू नये, कुणाचं तरी पोर खाली यायचं."

"काटाच चुकत असेल, बाबा."

"तुमच्या हातचं काम? छे." त्यांनी मान हलवली. "एकोणीस वर्षं मी तुम्हाला ओळखलं नाही, ती चूक माझी. आता माझी समजूत काढायला स्वतःच्या कामाला नावं ठेवू नका."

ते पायी घरी गेले. मी भ्याडासारखी किल्ली खणात टाकली. म्हटलं, चला, सासूबाईंना हवं होतं त्याच्यापेक्षा जास्तच मिळालं. आठ दिवसांनी सासूबाईच आल्या. बसल्याही नाहीत.

"चहा ओतायला मला सांगतात. हात चुकेल म्हणतात. परवा रस्ता ओलांडताना, बस बघ किती लांब आहे, असं मला विचारलं. माझा हात धरला हो ह्यांनी, भर रस्त्यात." त्यांचे डोळे भरून आले. "मी वेग काढायला सांगितला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप घेऊन त्यांच्या दारात गेलो. सासरे स्टिअरिंगवर बसायला तयार होईनात, म्हणून मी चालवायला बसलो आणि त्यांना शेजारी बसवलं. गावाबाहेर पडल्यावर काटा बरोबर साठवर धरला.

"बाबा, साठच्या वेगाने एका किलोमीटरला किती सेकंद?"

"साठ. मला शिकवताय?"

"हातातल्या घड्याळात बघा. ह्या किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत."

दगड आला, दुसरा दगड आला. सासरे घड्याळाकडे बघत राहिले. "ऐंशी झाले. माझं चुकलं असेल. पुन्हा घ्या."

पुन्हा ऐंशी. तिसऱ्यांदा ऐंशी झाल्यावर ते म्हणाले, "थांबवा."

मी गाडी कडेला घेतली, खिशातलं ते चिमुकलं चाक काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून समोरच्या काचेवरच्या डागाशी बोलत होतो.

"डोकं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं." सासूबाईंचं नाव मी घेतलं नाही. तेवढं एक काम मी नीट केलं.

त्यांनी ते चाक बोटांत फिरवून बघितलं. मग चष्मा काढला, खिडकीतून झाडांकडे पाहिलं.

"म्हणजे ते साठच होते."

"साठच होते, बाबा."

"मी म्हणतच होतो!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी मनगटाने डोळे पुसले, शर्ट सारखा केला आणि मग माझ्याकडे वळून इतक्या जुन्या, ओळखीच्या तुच्छतेने पाहिलं की मला एकदम हायसं वाटलं. "उतरा खाली."

मी उतरलो. ते सरकून स्टिअरिंगवर बसले आणि मला दगडाजवळ उभा ठेवून निघून गेले. घर साडेपाच किलोमीटर होतं. चालत आलो.

अ‍ॅक्सल त्यांनी ठेवून घेतला. चढावर गाडी झकास ओढते हे ते नाकारू शकत नव्हते. प्लास्टिकचं चाक मात्र बसवू दिलं नाही. स्पीडोमीटरच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून टाकली, मला माझे डोळे पुरे म्हणाले. त्यापुढे इंजिन फार ओरडतं, म्हणून गाडी आजही साठच्या आसपासच जाते, पण काटाच दिसत नसल्याने सासूबाईंना त्याची खात्री वाटत नाही आणि त्या पुन्हा डोळे मिटून बसतात. तळं काही पळून जात नाही म्हणतात.

न्हाव्याच्या दुकानात आता माझा विषय निघाला तर सासरे विषय बदलतात. गेल्या आठवड्यात ते गॅरेजमध्ये हवा भरायला आले होते. मी चारही टायर भरले. त्यांनी खिशातून स्वतःचा गेज काढला, वाकून एकेक टायर पुन्हा मोजला, आणि मी हात पुसत, फार सुखाने, ते बघत उभा राहिलो.