पाणी घालू नका

डेपोत तिला सगळे डबलबेल म्हणत. बावीस वर्षं ती कंडक्टर होती. शेवटच्या उतारूचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच हिची घंटी दोनदा वाजलेली असायची. ड्रायव्हर म्हणायचे, "हिला न्यायला यम आला, तर त्यालाही धावत गाडी पकडावी लागेल." मग एका हिवाळ्यात तिच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, "चालत्या गाडीत उभं राहणं आता विसरा." डेपोनं तिला हलकं काम दिलं. स्पेअर पार्टची खोली, एक खिडकी, एक खुर्ची.

मेकॅनिकनं चिठ्ठी द्यायची, तिनं बल्ब, वायपर नाहीतर ब्रेकचं लायनर काढून द्यायचं, वहीत सही घ्यायची, संपलं. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कधी कधी तास जायचा. आयुष्यभर दीडशे माणसांच्या गर्दीतून वाट काढलेल्या बाईला ती खुर्ची टोचू लागली. आणि खिडकीतून दिवसभर दिसायचं ते सर्कल.

डेपोच्या मधोमध, गाड्या वळसा घेतात तिथं, पंधरा पावलं रुंदीचा तो गोल होता. कडेचे दगड फुटलेले, आत विटांचे तुकडे, गंजलेले नट आणि सांडलेलं डिझेल पिऊन काळी ठिक्कर पडलेली माती. कधी काळी कुणी तिथं गुलाब लावले होते, त्यानंतर हिरवळ. दोघांनीही मान टाकली. आता मॅनेजरनं तिथं काँक्रीट ओतायचं ठरवलं होतं.

डबलबेल त्याच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"साहेब, मला सहा महिने द्या. सर्कलमध्ये फुलं लावते."

"बाई, तिथं गवतसुद्धा जगलं नाही."

"गवताचे लाड लागतात साहेब. मी सदाफुली लावणार. आमच्या रूटवर एका स्टॉपच्या भिंतीच्या भेगेतून उगवलेली असायची. बावीस वर्षांत तिला कुणी तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलं नाही, आणि बावीस वर्षांत तिला फूल नाही असं कधी झालं नाही."

"आणि तुमची कंबर?"

"कंबर माझी आहे, तिचं मी बघते."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं कॅलेंडरकडे पाहिलं. "सहा महिन्यांनी इन्स्पेक्शन आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात मी येऊन बघणार. तोवर काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर काँक्रीटचा मिक्सर."

तिनं विडा उचलला खरा, पण पहिल्याच घासाला खडा लागला. रोपवाटिकेतून चाळीस रोपं आणली. बॅटरीचा रिकामा खोका उलटा टाकून त्यावर बसून, कमरेला पट्टा आवळून, तिनं ती एकेक करून लावली. वाकायची सोय नव्हती, म्हणून लांब दांड्याच्या खुरप्यानं खड्डे केले. पंधरा दिवस रोपं टवटवीत होती. तिसऱ्या आठवड्यात बुंधे काळे पडले आणि रोपं एकामागून एक आडवी व्हायला लागली.

एके दिवशी ती तासभर आधी कामावर आली, तेव्हा कोडं सुटलं. गाड्या धुणारे काका सर्कलपाशी उभे राहून पाइपानं धो धो पाणी मारत होते.

"काका! हे काय चाललंय?"

"पाणी घालतोय," काका हसून म्हणाले. "रोज घालतो, तू यायच्या आधी. म्हटलं, पोरीच्या कमरेला ताप नको."

रागवायचं तरी कुणावर? ती खोक्यावर बसली आणि रोपं मोजली. चार उरली होती. दुपारी मॅनेजर तिथून जाताना थांबला, त्यानंही रोपं मोजली.

आता एकच दार उरलं होतं, आणि नेमकं तेच तिला ठोठावायचं नव्हतं. तिची थोरली जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. जाऊबाईंच्या गॅलरीत बारा महिने सदाफुली डोलत असे, गुलाबी, पांढरी, पांढरीत लाल डोळा असलेली. पण दोघींमध्ये वर्षभर बोलणं नव्हतं. कमरेचं दुखणं निघालं तेव्हा जाऊबाई कुणापाशी तरी म्हणाल्या होत्या, "फार हिंडायची हौस होती, आता बसेल घरात." ते शब्द फिरून फिरून खाली पोचले होते. तेव्हापासून निरोप नवऱ्यांच्या तोंडून जायचे. मुळात जाऊबाई आपल्याला पाण्यात पाहतात, हे डबलबेलनं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं.

तरी ती अठरा पायऱ्या चढली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मेलेलं रोप.

जाऊबाईंनी दार उघडलं. "काय गं?"

"ताई, माझी सदाफुली मरतेय."

जाऊबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुडक्याकडे. "सदाफुली मरतेय? अगं, ती मारायला फार कर्तबगारी लागते." पण त्यांनी चष्मा लावला, रोप हातात घेतलं आणि मुळं चिमटीत दाबली. तपकिरी लगदा बोटांना लागला. "ही तहानेनं नाही गेली. बुडून मेली."

"काका रोज पाणी घालत होते."

"काकांनी कशाला, तुझी मातीच पाणी धरून बसत असणार. अति तिथं माती, आणि इथं तर माती तिथंच अति झालीय." त्यांनी बोटं पुसली. "मी तेव्हा जे बोलले ना, घरात बसेल म्हणून..."

"ते नंतर बघू, ताई. आधी माती कशी करायची ते सांगा."

जाऊबाईंनी भुवया वर केल्या. मग म्हणाल्या, "सांगून कळत नाही. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आणि खोक्यावर बसून अशा काही हुकूम सोडू लागल्या की दोन मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीत आपण होऊन फावडी घेऊन आले. डिझेल प्यालेली काळी माती हातभर खोल खणून काढली. तिच्या जागी जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडीशीच चांगली माती. मधे उंच, कडेला उतरती, कासवाच्या पाठीसारखी.

"खत?" एका मेकॅनिकनं विचारलं.

"मूठभर. जास्त खाल्लं की नुसती पानं काढते, फुलं काढायचा आळस करते. तुमच्यासारखीच."

रोपं या वेळी विकत आणली नाहीत. जाऊबाईंच्या गॅलरीतल्या बारीक शेंगा फुटायच्या आत तोडल्या, तिळाहून लहान काळं बी ट्रेमध्ये पेरलं आणि वर पुठ्ठा झाकला. या बियांना उगवायला अंधार लागतो. शिवाय कोवळ्या शेंड्यांच्या फांद्याही वाळूत खोचल्या. ट्रे स्पेअर पार्टच्या खोलीत, गिअरच्या खोक्यांशेजारी राहिले. रोप चार बोटांचं झालं की ते सर्कलमध्ये जायचं. पहिल्या कळ्या दिसताच जाऊबाईंनी शेंडे खुडायला सांगितलं, तेव्हा मात्र डबलबेलचा हात अडला.

"ताई, ही तर फुलायला लागलीत."

"एक फूल बघून खूष होणार आहेस, की झाड हवंय?"

तिनं शेंडे खुडले. एकूण एक.

मग तिनं पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं लिहिलं, 'पाणी घालू नका', आणि तो सर्कलमध्ये रोवला. आठ-दहा दिवसांनी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही मुळाशी, पानांवर एक थेंब नाही. ड्रायव्हरांना पाटी गमतीची वाटली. कुणी खाली खडूनं लिहिलं, 'चहा चालेल का?' डबलबेलनं तेही पुसलं नाही.

उन्हाळा चढला तशी शहरात पाण्याची ओरड सुरू झाली. गाड्या धुणं बंद झालं, फाटकापाशी मॅनेजरनं लावून घेतलेली हिरवळ पिवळी होऊन काथ्यासारखी झाली. काम नसलेले काका सर्कलपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी बाटलीतलं उरलेलं पाणी झाडांवर ओतायला आला, की पाटीकडे बोट करून ओरडायचे, "वाचता येत नाही का?" आणि त्याच भाजणाऱ्या उन्हात, डांबर चपलेला चिकटत असताना, सदाफुली फुलली. रोज थोडी जास्त. गुडघाभर उंच, खालून लाकडासारखी कडक, वर फुलांनी भरलेली.

इन्स्पेक्शनला सहा आठवडे उरले असताना एक गाडी आत आली. तिच्या ब्रेकची हवा उतरलेली होती, ब्रेक लागतच नव्हता. ड्रायव्हरनं शर्थ करून माणसं वाचवली, पण गाडी वळली नाही. पुढची दोन्ही चाकं कड ओलांडून सर्कलमधून आरपार गेली.

डबलबेलनं खिडकीतून पाहिलं आणि ती धावत बाहेर आली, म्हणजे तिची कंबर धावू देईल तेवढी. एक तृतीयांश झाडं चिरडली होती. फांद्या चिरफळलेल्या, फुलं टायरच्या नक्षीत दाबलेली. ड्रायव्हर पायरीवर डोकं धरून बसला होता. तिनं आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला लागलं नाही ना? मग झालं."

मेकॅनिक हळहळले, "आता साहेब मिक्सर बोलावणार."

काका पाण्याचं कॅन घेऊन आले. डोळे भरले होते बिचाऱ्यांचे. "थोडं घालू का? मूर्च्छा आल्यासारखी पडलीत."

"नको काका." तिचा आवाज तिलाच कडक वाटला. "दयेचं पाणी अजिबात नको."

संध्याकाळी जाऊबाई कात्री घेऊन आल्या आणि कात्री तिच्या हातात दिली. "तूच काप. माझ्या हातांना कंप आहे हल्ली." वर्षानुवर्षांत त्यांनी स्वतःचं दुखणं तिला पहिल्यांदा सांगितलं होतं.

तिनं खोका सरकवत सरकवत बत्तीस झाडं चार बोटांवर कापली. दाबली गेलेली माती खुरप्यानं भुसभुशीत केली. कमरेतून कळ निघाली, की डोळे मिटून दहा आकडे मोजायचे आणि पुढचं झाड घ्यायचं. राहिले ते नुसते खुंट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी पेन्सिली रोवल्यात.

दहा दिवस काहीच झालं नाही. रोज सकाळी ती प्रत्येक खुंटाचा बुंधा नखानं हलकेच खरवडून बघायची. आतून हिरवा असला, की पुढं. अकराव्या दिवशी एका खुंटाच्या तळाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. डेपोत तिनं कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी वर जाऊन फक्त जाऊबाईंना सांगितलं, आणि दोघी गॅलरीत बराच वेळ बसल्या. घरात बसण्याचं ते बोलणंही त्या दिवशी निघालं. जाऊबाई म्हणाल्या, "मला हेवा वाटायचा गं तुझ्या हिंडण्याचा." डबलबेलनं त्यांचा कंप सुटलेला हात धरून ठेवला.

बत्तीसांपैकी सव्वीस फुटली.

ठरल्या दिवशी मॅनेजर आला. त्यानं सर्कलला एक फेरी मारली, सहा रिकाम्या जागांपाशी थांबला, फाटकाकडच्या काथ्याकडे पाहिलं. "मिक्सर तर येणारच आहे," तो म्हणाला.

काका खुर्चीवरून उठले.

"कडेला दोन हात रुंद पट्टा ओतू. उंच. म्हणजे पुन्हा चाक आत जाणार नाही. मधलं राहू द्या."

डबलबेलनं मान हलवली. आभार मानायचे होते, पण तोंडून दुसरंच निघालं. "साहेब, ती फाटकाची जागा. तिथंही वाळू टाकायला लागेल. दोन ट्रॉल्या."

"फाटकाचं कुणी विचारलं तुम्हाला?"

"हिरवळ तर गेलीच आहे. ट्रेमध्ये साठ रोपं तयार आहेत माझी."

तिनं वाळू मागायची चिठ्ठी पुढं केली. मॅनेजरनं खिशातून पेन काढलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला कायमचं हलकं काम लिहून दिलं होतं. तो कागदही तिनं सोबत आणला होता. मॅनेजरनं दोन्हींवर सही केली, वाळूच्या चिठ्ठीवर आधी.

तिकडे खोक्यावर बसून जाऊबाई मेकॅनिकांना सांगत होत्या की फाटकापाशी सगळी पांढरीच लावायची. डबलबेल तिकडे निघाली. गुलाबीच लावायची, हे तिचं केव्हाच ठरलं होतं.