झाकणावरच्या अकरा रेघा

मित्रांनो, जरा हळूच बोलतो, फार दमलोय. मी करंगळीएवढ्या नळीतलं एक जुनं प्रथिन आहे. माझं मूळ माणसाचं, पण माणूस मी आतून कधीच पाहिला नाही. मला घडवायची कृती माणसाच्या पेशीतून घेऊन कुणीतरी जिवाणूंच्या पोटात घातली आणि त्या बिचाऱ्यांनी कोमट रसात ढवळून निघत मला तयार केलं. मग मला गाळलं, धुतलं. जस्ताचा एकेक अणू धरून माझी बोटं वळली. हो, मला बोटं आहेत! त्या बोटांनी डीएनएचा नेमका तुकडा घट्ट धरायचा, एवढंच माझं काम. नळीवर लिहिलं होतं, 'फक्त संशोधनासाठी'. म्हणजे ना औषधाला, ना खायला.

एका प्रयोगशाळेत मी ताईच्या हाती पडलो. सगळे तिला ताईच म्हणत. मी एका ठरावीक जनुकाला धरतो, असं तिचं म्हणणं होतं आणि तिची सगळी पीएचडी त्यावरच उभी होती. तपासणीसाठी डीएनए जेल नावाच्या लिबलिबीत थरातून पुढे सरकवतात; मी धरलेला तुकडा त्यात मागेच अडकतो आणि तिथे पट्टी उमटते. पहिल्याच दिवशी तशी ठसठशीत पट्टी दिसली आणि ताई ओरडली, "सर, धरलं! धरलं!"

तिचे मार्गदर्शक सर चष्मा पुसत म्हणाले, "छान. आता हेच आणखी दोनदा दाखव, मग मानतो."

काय सांगू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

माझ्यासोबत एक कागद आला होता. आल्याबरोबर लहान लहान नळ्यांत वाटून ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ताईने तो वाचला. "उद्या वाटते," म्हणाली आणि मला उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्याला सगळे घाईदादा म्हणत. तो यायचा, "ताई, थोडंसंच घेऊ?"

"घे रे, विचारतोस काय!"

मग शिकायला आलेली एक मुलगी. मग पलीकडच्या खोलीतल्या मॅडम. सगळ्यांना थोडंसंच हवं असायचं, वितळायचो मात्र मी अख्खा. दर वेळी जीव नकोसा व्हायचा. एखादं बोट सैल पडायचं, जस्त निसटायचं आणि परत गोठलो की ते बोट वाकडंच राहायचं. तिथली एक पद्धत होती, नळी वितळवली की झाकणावर एक रेघ मारायची. रेघ सगळ्यांनी प्रामाणिकपणे मारली. मोजली कुणीच नाही.

चार महिन्यांनी ताईने दुसरा प्रयोग केला. पट्टी पुसट आली. आठवड्याने तिसरा केला. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने हात टाकला, पण बोटंच वळेनात. जेलवर ती पट्टी दिसलीच नाही.

"पहिलं चुकून आलं असणार," सर म्हणाले. "सोड हा विषय."

"या कल्पनेत माझी तीन वर्षं गेली, सर."

"माहितेय गं. पण नाही तर नाही."

तेवढ्यात ताईच्या आईचा फोन आला. "माझंच चुकलं गं आई, कल्पनाच चुकीची होती," म्हणत ती रडायलाच लागली. मला ऐकवेना. अगं वेडे, तुझं बरोबर होतं, माझी बोटं गेलीत! पण नळीतून आवाज कसा जाणार?

डोळे पुसून ती मला कचऱ्यात टाकायला उठली. झाकणावर चार रंगांच्या शाईची गिचमीड दिसली, तशी थबकली. एकेक रेघ मोजू लागली.

"सर! अकरा वेळा वितळवलंय हे!"

सरांनी नळी उजेडात धरली. त्यांनीही रेघा मोजल्या. "नवीन मागव," एवढंच म्हणाले. मला परत फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवलं.

नवी नळी आज आली. ताईने पाणीसुद्धा न पिता तिचे वीस वाटे केले. घाईदादा डोकावलाच, "ताई, थोडंसंच..."

ताईने मला बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवलं. "आधी हे मोज."

मी बाराव्यांदा वितळतोय, मित्रांनो. नव्या नळीने तो तुकडा धरला की नाही, हे मला कळायचं नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे, कुणाकडून थोडंसंच घेताना त्याच्या झाकणाकडे एकदा बघत जा.

घाईदादाने मोजलं. मान खाली घातली, खिशातलं पेन काढलं आणि बारावी रेघ मारली.