दरवर्षीचं ग्रीस

आमच्या ह्यांना विमानाची भयंकर भीती वाटते, आणि तरी गेलं वर्षभर ते माझ्या शेजारी डोळे मिटून विमानात बसत होते. सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे, पण त्याचं मोल मला ठाऊक होतं.

विमान आमचंच, मीच उडवते; दोघांपुरतं, माझ्याहून वयाने मोठं. दोन खुर्च्यांच्या मधोमध ट्रिमचं एक छोटं चाक आहे. वर जाऊन सरळ उडायला लागलं की ते थोडं पुढे फिरवायचं, म्हणजे विमानाचं नाक जागेवर राहतं. नाहीतर दांडा सतत दाबून धरावा लागतो आणि खांदा भरून येतो. हे चाक मला फिरेनासं झालं. मनगट आधीच कुरकुरत होतं, तेव्हा मी समजले की आता वय झालं. ह्यांना म्हटलं, विमान कुणाला तरी देऊन टाकू या. पुढच्या खेपेला ते स्वतःच शेजारी येऊन बसले, पट्टा आवळला आणि म्हणाले, "किती फिरवायचं तेवढं सांग." मी "अर्धा फेरा पुढे" म्हणायचे, की ते घामेजल्या हाताने, डोळे न उघडता चाक वळवायचे.

मग त्यांच्या गुडघ्याने असहकार पुकारला. विमानाच्या पायरीवर चढणं बंद, म्हणजे माझं उडणंही बंद. हँगरची किल्ली मी खुंटीवरून काढून कपाटात टाकली.

वार्षिक तपासणीला यंदा माझी नणंद आली. ती विमानांची मेकॅनिक आहे, आणि आमचा जुना मेकॅनिक निवृत्त झाल्यामुळे हे विमान पहिल्यांदाच तिच्या हाती आलं. "देणारच असाल तर निदान नीट करून द्या," म्हणत ती आत बसली, चाकाला हात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हे तू फिरवत होतीस?"

"तुझा दादा फिरवायचा."

ती शेपटीकडे गेली. तिथलं झाकण उघडून तिने चाकाकडून येणाऱ्या तारा शेपटीची पट्टी वर-खाली करणाऱ्या आतल्या स्क्रूपासून सोडवल्या. "आता फिरव," म्हणाली. चाक गरकन फिरलं. मी आपल्या मनगटाकडे बघतच राहिले.

"हात ठणठणीत आहे तुझा. दुखणं इकडे आहे. दादा, जरा ये बघू."

हे लंगडत गेले. स्क्रूचे आटे दिसतच नव्हते. वाळक्या साबणासारखा तपकिरी थर चढला होता.

"इथे ग्रीस कोण भरतं?"

"मी. दरवर्षी, न चुकता." आवाजात चांगलाच अभिमान होता.

"आणि जुनं कधी काढलंस?"

"जुनं आपोआप बाहेर पडतं की."

"तुझ्या पंपात पडतं. इथे बाहेर पडायला वाटच नाही."

ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेली. नवं दाबलं की जुनं बाहेर, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पूर्वी मी एकटी उडायला निघाले की ते हँगरमध्ये पाठ फिरवून बसत, वर बघत नसत. तपासणीला मात्र ग्रीसची बंदूक घेऊन हजर. जुना मेकॅनिकही भिडेखातर गप्प राहत असणार. मी सुखरूप उतरावं म्हणून ह्यांना तेवढंच करता येत होतं, आणि ते त्यांनी हात राखून केलं नव्हतं.

"म्हणजे तुझं उडणं मीच बंद पाडलं," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. भांडायला मला निमित्त पुरतं, हे सगळं गाव जाणतं. पण आला नाही. "आता तुम्हीच सुरू करा," मी म्हटलं.

नणंदेने स्क्रू काढून रॉकेलमध्ये बुडवला. हे स्टुलावर बसून लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने एकेक आटा साफ करत राहिले, आणि धाकटी बहीण डोक्यावर उभी राहून दटावत राहिली. शेवटी तिने नव्या ग्रीसचं बोट फिरवलं.

"एवढंसंच?"

"एवढंसंच, दादा."

सगळं जोडल्यावर तिने मला आत बसवून चाक पुढे-मागे फिरवायला लावलं आणि शेपटीपाशी उभं राहून पुन्हा पुन्हा पाहिलं. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर खाली म्हणताना नाक वर जायचं. मग अंगठा वर केला.

मी एकटी वर गेले. विमान सरळ झालं आणि सवयीने तोंडातून गेलं, "अर्धा फेरा पुढे." शेजारी कुणी नव्हतं. चाक दोन बोटांनी वळलं. मला रडू आलं. त्या मिटलेल्या डोळ्यांचे आणि घामेजल्या हाताचे आभार मी कधी मानलेच नव्हते, ते तिथे एकटीने मोठ्याने मानले.

उतरले तर हे हँगरच्या बाहेर उभे. स्टूल मागे तसंच. मान धरली होती, हाताने चोळत होते.

"अहो, तुम्ही वर बघत होतात?"

"आत बसून डोळे मिटता येत होते. खाली उभं राहून मिटवेनात."

"भीती नाही वाटली?"

"वाटली." त्यांनी विमानाच्या पंखावरून हात फिरवला. "पण छान उडवतेस गं तू. मला माहीतच नव्हतं."