उतरवायची राहिलेली दोरी

मी एक जुनं धनुष्य आहे, मित्रांनो, आणि माझा वरचा हात, म्हणजे मुठीच्या वरचा दांडा, जरा पिळलेला आहे. तो का पिळला, तेच सांगायचं आहे.

माझा मालक आर्वो; त्याच्या वडिलांनी मला एका हिवाळ्यात घडवलं. मेपलच्या पट्ट्या चिकटवायच्या, तासायच्या, पुन्हा तासायच्या. आर्वोला ते एकच गोष्ट बजावत: "घरी आलास की आधी धनुष्याची दोरी उतरव, मग बूट काढ." पंचवीस वर्षं आर्वोने ते पाळलं. दर ऑक्टोबरला आम्ही रानात जायचो आणि हिवाळाभर त्याच्या घरी हरणाचं मांस पुरायचं. लोक मला हातात घेऊन वाखाणत आणि मी फुगून जायचो.

सात वर्षांपूर्वी मात्र आर्वोने घाईत बाण सोडला. हरीण जखमी होऊन झाडीत शिरलं. दोन दिवस तो रक्ताचे ठिपके शोधत फिरला. मग पाऊस आला आणि ठिपकेही गेले. घरी आल्यावर त्याने मला तसंच, दोरी चढवलेलं, गॅरेजच्या खुंटीला अडकवलं. सात वर्षं मी ताणलेलाच राहिलो आणि माझा वरचा हात हळूहळू पिळत गेला. फार दुखलं, खोटं कशाला सांगू?

या मे महिन्यात त्याने मला खाली काढलं. दोरी जेमतेम अर्धी ओढली आणि त्याला धाप लागली. शेजारचा तोइवो, त्याचा शिकारीतला जुना जोडीदार, कुंपणावरून हसला.

"अरे आर्वो, घराचा जिना चढताना धाप लागते तुला! हरीण पोट धरून हसेल."

"हसू दे. ऑक्टोबरला बघू."

मग रोज सकाळी पाठीवर मिठाची गोणी घेऊन टेकडी चढणं सुरू झालं. आधी दहा किलो, मग वीस. बुटांना मेण चोळलं, बाणांना नवी पिसं लावली. आणि रोज उठल्याउठल्या, अंग गार असतानाच, वीस पावलांवरच्या कागदी ताटलीवर एकच बाण. ताटली हुकली तर त्या दिवशी शिकार नाही, असा त्याने स्वतःलाच नियम घातला होता. सप्टेंबरभर एकदाही हुकली नाही. माझी दोरी मात्र त्याने उतरवली नाही. तो जुना दिवस त्याच्यासाठी अजून संपलाच नव्हता.

मोसमाची पहिली सकाळ आली. दारात तोइवोची गाडी सुरूच होती. आर्वोने बाण सोडला. ताटलीच्या डावीकडे, दोन बोटं बाहेर!

"दोनच बोटं रे! हरीण ताटलीपेक्षा मोठं असतं. चल, बस."

"त्या हरणावरचा नेमही दोन बोटांनीच चुकला होता, तोइवो. तू जा."

गाडी गेली. आर्वोने मला डोळ्यासमोर आडवं धरलं आणि माझा पिळलेला हात त्याला पहिल्यांदा दिसला. तो पायरीवर बसला. पाच महिने घाम गाळलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले होते.

"बाबांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा उतरवायला हवी होती."

त्याने मला गुडघ्याशी वाकवलं आणि दोरी सोडली. मी हळूच सरळ झालो. पूर्ण नाही, जमलं तेवढा.

आता मी दोन खुंट्यांवर आडवा, सैल पडून आहे. माझा पिळलेला हात सुधारला तर आम्ही पुन्हा ताटलीसमोर उभे राहू, नाही तर तो दुसरं धनुष्य घेईल. मित्रांनो, काम झालं की अवजाराची दोरी सगळेच उतरवतात. काम फसलं त्या दिवशी तुम्ही ती आठवणीने उतरवा.